घोंगडीचा तळ

"हात ताठ धरा, सयाजीराव. मी दाबते, तुम्ही खाली जाऊ द्यायचा नाही," मिरजेच्या दवाखान्यातल्या भार्गवीबाई म्हणाल्या.

आमच्या यांनी उजवा हात बाजूला पसरला. बाईंनी मनगटावर नुसती बोटं टेकवून दाबलं आणि एवढ्या गड्याचा हात खाली आला. ऊस भरताना ट्रॉलीवरून पडल्यापासून यांचा डावा पाय बोटभर आखूड झाला होता.

बाईंनी डाव्या बुटात रबराचा जाड तळ सरकवला. पुन्हा दाबलं. हात हलला नाही.

"आता तुम्ही दाबा," त्या मला म्हणाल्या.

मी अक्षरशः लोंबकळले. हात तसाच.

"बाई, पायाचा आन् हाताचा काय संबंध?"

"पायाखाली सारखं झालं की कंबर सरळ, खांदे सरळ. मग जोर तोल सांभाळण्यात जात नाही."

एसटीनं इस्लामपूर सोडलं तरी हे बूट घालून उभेच. हात पसरून मला म्हणायचे, "दाब की गं." मागची बाई तोंडाला पदर लावून हसत होती.

यांच्या आनंदाचं कारण मला ठाऊक होतं. पाटणकडच्या आमच्या गावात चैत्राच्या यात्रेत देवाची काठी निघते. उंच कळकाचा बांबू, वर फडकी, आणि ती कमरेच्या पट्ट्यात तोलून देवळापर्यंत न्यायची. तो मान आमच्या घराचा. हे पडल्यापासून काठी चुलत दीर भाऊसो नेत होते. यंदाही यांनी उचलली नाही, तर मान कायमचा तिकडं जाणार, असं भावकीत ठरलं होतं.

एक गोष्ट मात्र आम्ही दोघंही विसरलो होतो. ती भाऊसोंनी पारावर काढली.

"दादा, बूट घालून काठी उचलणार व्हय? देव काय हापिसात बसलाय?"

पारावरची माणसं हसली. काठी अनवाणी न्यायची असते. हे घरी आले आणि बूट मांडीवर घेऊन बसले. जेवायला हाक मारली तरी उठले नाहीत.

मी सासूबाईंची जुनी घोंगडी काढली. यांचं पाऊल तिच्यावर ठेवून कोळशानं रेघ मारली, थर कापले, दाभणानं शिवले, बांधायला नाड्या लावल्या.

"उभं ऱ्हावा. हात पसरा."

दाबला तर हे उजवीकडं कलंडले.

"लय जाड झालंय गं."

एक थर उसवला. दाबला. हात थोडा लवला. टाचेखाली एक चिंधी सारली आणि पुन्हा दाबला. हात तुळईसारखा राहिला. मग हे नुसत्या डाव्या पायावर उभे राहिले आणि मला म्हणाले, "आता जेवाय वाढ."

यात्रेदिवशी भाऊसो आडवे आलेच. गुरवांनी वाकून यांचं पाऊल बघितलं.

"चामडं न्हाई, रबर न्हाई. लोकर हाय. लोकरीला इटाळ न्हाई."

"ते ऱ्हाऊ द्या. पर तोल गेला आन् काठी लोकांवर पडली तर?" भाऊसो म्हणाले. ते काही खोटं नव्हतं.

यांनी तळ सोडून ठेवला आणि हात पसरला. "दाब."

भाऊसो तालमीतला माणूस. हात लगेच खाली गेला. माणसांत कुजबुज झाली. यांनी शांतपणे तळ बांधला. "आता दाब."

भाऊसोंनी दाबला. मग दोन्ही हातांनी दाबला. टाचा उचलून अंगाचा सगळा भार टाकला. त्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या.

"वैनी, काय शिवलंय ह्यात?"

"घोंगडंच हाय, भावजी."

भाऊसोंनी कपाळाचा घाम पुसला. मग त्यांनीच काठी उचलून यांच्या पट्ट्यात बसवली. "वारं नदीकडनं हाय, दादा. जपा."

हलगी वाजली. काठी एकदा झुकली आणि मग ती अशी सरळ झाली की बायका वर बघतच राहिल्या. सगळी वाट हे कुठंच थांबले नाहीत. पायऱ्यांवर कुणी हात द्यायला पुढं झालं, तर भाऊसोंनीच त्याला मागं ओढलं.

गर्दी ओसरल्यावर मी दर्शनाला गेले. पायऱ्यांवर गुलाल सांडला होता. त्यात यांची पावलं उमटली होती. एक पाच बोटांचं, दुसरं घोंगडीच्या विणीचं. दोन्ही सारखीच खोल होती.

मी पदर सावरला आणि कडेकडेनं वर चढले.