प्रतिभासाठी बांधलेलं टाकं

एकोणीसशे छप्पनच्या उन्हाळ्यात सौंसरच्या शाळेतले वसंत गुरुजी आपल्या सात वर्षांच्या लेकीला, प्रतिभाला, नागपूरला डॉक्टरांकडे घेऊन गेले. एका तापानंतर तिचे दोन्ही गुडघे वाकलेलेच राहायला लागले होते.

"रोज तासभर गरम पाण्यात बसवा, पाय हळूहळू ताणा," डॉक्टर म्हणाले. "वर्ष वाया घालवलं तर सांधे कायमचे धरतील."

गुरुजींच्या बायकोनं, सुधाबाईंनी, लेकीला घंगाळात बसवून पाहिलं. चुलीवरचं पाणी येईस्तोवर आधीचं निवायचं, आणि पोर पाय आखडून घ्यायची. गुरुजींनी विजेवर तापणारं टाकं बांधायचं ठरवलं. गावात विजेचे खांब आले होते. त्यांनी जोडणीसाठी नागपूरच्या वीज कचेरीत अर्ज केला.

रामाजी गवंड्यानं मागच्या अंगणात पहार मारली. "काळी माती हाय गुरुजी. पावसात फुगते, उन्हात फाटते. भरलं टाकं वीस मणाचं. मुरूम लागेपर्यंत खोदा लागते."

दोन हात खोदून दगडी पाया भरला. वायरिंगला पांढुर्ण्याचे भैय्याजी आले. त्यांनी बटण टाक्यापासून लांब, ओसरीत लावलं, अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा-मीठ भरलं. "पाणी तापलं का बटण बंद," त्यांनी बजावलं. "मंगच लेकराला उतरवा."

सगळं तयार झालं, आणि नोव्हेंबरात राज्यं बदलली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, सौंसर मध्यप्रदेशात राहिलं. गुरुजींचा अर्ज नागपुरातून जबलपूरच्या वीज कचेरीला पाठवला म्हणे. जबलपूरला तो पोचलाच नव्हता. तिथल्या बाबूनं नवा अर्ज मागितला, हिंदीत. गुरुजींनी तो तीनदा लिहिला.

"लेकीचे पाय कागदासाठी थांबून राहिले का?" सुधाबाईंनी एकदा विचारलं. त्या चुलीवरच्या पाण्यानं शेकत राहिल्या.

अठ्ठावन्नच्या फेब्रुवारीत तार जोडली गेली. पाणी तापल्यावर गुरुजींनी बटण बंद केलं आणि प्रतिभाला टाक्यात उतरवलं.

"बरं वाटून राहिलं बाबा," ती म्हणाली.

सुधाबाईंनी तिचा पाय धरून ओढला. गुडघा तसूभरही हलला नाही. दुसरा पाय ओढला, तोही तसाच. आठवड्यानं नागपूरच्या डॉक्टरांनी गुडघे चाचपले आणि नकारार्थी मान हलवली. त्यांनी काही समजावून सांगायची गरज नव्हती.

परतल्यावर प्रतिभानं टाक्यात बसून विचारलं, "आता किती दिवस लागतील?"

सुधाबाई उठून आत गेल्या. गुरुजी काठावर बसले. त्यांनी तिला खरं ते सांगितलं: गुडघे आता सरळ होणार नाहीत.