बारा फोल्डरांची पडताळणी

रजिस्टरबाईंनी एकतीस वर्षं रेकॉर्डरूममध्ये काढली आणि त्या एकतीस वर्षांत एक कागद म्हणून हरवला नाही. हे त्या स्वतःच सांगत, आणि उठता-बसता सांगत. नवा साहेब आला की पहिल्याच दिवशी त्याला हे ऐकावं लागे. निवृत्त झाल्यावर ऐकायला साहेब उरला नाही, मग ते घरच्यांच्या वाट्याला आलं. घरचे म्हणजे एक लेक, ती नोकरीनिमित्त दूरच्या गावी, आणि एक नवरा. नवऱ्याला आपण अहो म्हणू. बाई तेच म्हणत, आणि दुसऱ्या कुठल्या नावाने त्यांना हाक मारणारं आता फारसं कुणी राहिलं नव्हतं.

अहोंचं घड्याळदुरुस्तीचं लहानसं दुकान होतं. चार महिन्यांपूर्वी त्यांच्या घशाचं मोठं ऑपरेशन झालं आणि स्वरयंत्रच काढून टाकावं लागलं. जीव वाचला, आवाज गेला. पण त्याआधी तीन आठवडे हातात होते, तेव्हा दवाखान्यातल्या वाचा-उपचारवाल्या बाईंनी एक शहाणपणाचं काम करून घेतलं होतं. त्यांनी अहोंना घरच्या कम्प्युटरसमोर बसवलं, पुढे माइक ठेवला आणि रोज लागणारी वाक्यं एकेक करून त्यांच्याच आवाजात भरून घेतली. नऊशे चाळीस वाक्यं! त्यांचे बारा फोल्डर केले: घर, दुकान, दवाखाना, शेजारी, राग, थट्टा असे. स्क्रीनवर बारा चित्रं लावून दिली. चित्र दाबायचं, वाक्य निवडायचं, की कम्प्युटर अहोंच्या आवाजात बोलणार. ‘राग’मध्ये जेमतेम सहा वाक्यं होती आणि त्यातली पाच आपल्याला उद्देशून आहेत, असा रजिस्टरबाईंचा दावा होता.

तो कम्प्युटर मात्र म्हातारा झालेला. मधेच बंद पडायचा, पंखा घरघरायचा. शिवाय ते धूड काही दुकानात नेता येत नव्हतं, त्यामुळे अहो दिवसभर पाटी-पेन्सिलीवर भागवत. शेवटी लेकीने नवा लॅपटॉप पाठवला आणि फोनवर बजावलं, “आई, पुढच्या आठवड्यात मी येते आणि सगळं नव्यावर घालून देते. तोवर तू हात लावू नकोस.”

हात लावू नकोस! हे कुणाला सांगावं? जिने अख्खं ऑफिस एका इमारतीतून दुसरीत हलवलं आणि टाचणीसुद्धा सांडू दिली नाही, तिला? बाईंनी फोन ठेवला तो तणतणतच.

दुसऱ्या दिवशी अहो दुकानात गेल्यावर त्यांनी पेनड्राइव्ह लावला. स्क्रीनवरची बारा चित्रं निवडली, कॉपी केली आणि पेनड्राइव्हमध्ये टाकली. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच काम झालं. एवढ्या लवकर? बाईंना शंका आली. आली, हे नोंदवून ठेवायला हवं. बाई काही वेंधळ्या नव्हत्या. पण शंका आली की काय करायचं, हेही त्यांना ठाऊक होतं: पडताळणी. त्यांनी वही घेतली, एक ते नऊशे चाळीस आकडे घातले, आणि पेनड्राइव्हमधलं एकेक चित्र उघडून एकेक वाक्य ऐकायला बसल्या. वाक्य वाजलं की बरोबरची खूण. दोन सकाळी लागल्या. नवऱ्याचा आवाज इतका सलग त्यांनी जन्मात ऐकला नव्हता, कारण घरात त्याला सलग बोलायला मिळायचंच कुठे? ‘थट्टा’ ऐकताना त्या दोनदा खुदकन हसल्या आणि मग पदराने डोळे पुसत बसल्या. सगळी वाक्यं भरली. एकही कमी नाही.

आता जुना कम्प्युटर. रेकॉर्डरूमचा नियम असा, की कागद नव्या जागी पडताळून लागला की जुन्या जागी काही मागे ठेवायचं नाही. पुढेमागे कुणा परक्याने तो कम्प्युटर चालू केला आणि अहोंचा राग ऐकला तर? बाईंनी ते धूड गाडीत घालून कम्प्युटरवाल्याच्या दुकानात नेलं. तो जुन्या मशीनचे सुटे भाग काढून घ्यायचा.

“मॅडम, सगळं दुसरीकडे घेतलंय ना?” त्याने विचारलं.

“नऊशे चाळीस. पडताळून,” बाई म्हणाल्या. “माझ्या डोळ्यांदेखत पुसा. आणि असं पुसा, की पुन्हा कुणाच्या बापाला काढता येऊ नये.”

त्याला तीन तास लागले. बाई स्टुलावर बसून राहिल्या आणि निघताना ‘पूर्ण पुसले’ असं त्याच्याकडून लेखी घेऊन आल्या.

घरी येऊन त्यांनी पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावला. बारा चित्रं दिसली. ‘घर’ दाबलं. लॅपटॉप म्हणाला, सापडत नाही. ‘दुकान’ दाबलं. सापडत नाही. असं कसं सापडत नाही? समोर तर दिसतंय! बाईंनी आवाज वाढवला. पेनड्राइव्ह काढून फुंकर मारली, पुन्हा लावला. बाराच्या बारा दाबून झाले. मग त्यांनी वही उघडून खुणा मोजल्या, कुठे चूक सापडेना. काल बोलणारी वस्तू आज मुकी होते, हे कुठलं गणित? लॅपटॉपच बिघडलेला आला असणार, असं ठरवून त्यांनी लेकीला फोन लावला.

लेकीने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “आई, चित्रांच्या कोपऱ्यात छोटासा बाण आहे का?”

“आहे. सगळ्यांवर आहे. नक्षी आहे ती.”



“आई, तुमच्याकडे फाइल जागेवर नसली की तिथे चिठ्ठी ठेवायचात ना? ‘फाइल अमक्या कपाटात आहे’ अशी?”

“ठेवायचो की. तो नियमच होता.”

“तो बाण म्हणजे तसली चिठ्ठी. शॉर्टकट म्हणतात त्याला. तू बारा चिठ्ठ्या उचलून आणल्यास गं.”

“काहीतरीच काय बोलतेस! मी ऐकलीत सगळी. पेनड्राइव्हमधूनच ऐकलीत!”

“जुन्या मशीनवर ऐकलीस. ते चिठ्ठी वाचत होतं आणि स्वतःच्याच कपाटातून काढून वाजवत होतं. कपाट आहे ना अजून? तू हात लावला नाहीयेस ना त्याला?”

कपाट त्यांनी डोळ्यांदेखत पुसून घेतलं होतं, वर लेखीही घेतलं होतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा! हात दाखवून अवलक्षण करून घेणं म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

त्या तशाच धावत दुकानात गेल्या. कम्प्युटरवाल्याने बिचाऱ्याने डिस्क पुन्हा जोडली, दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी शोधून पाहिलं. हाती काही लागलं नाही. “मी चांगलं पुसतो हो मॅडम,” तो म्हणाला, आणि त्यालाच कसंनुसं झालं. वाचा-उपचारवाल्या बाईंना फोन केला. त्यांच्याकडे वाक्यांची यादी होती, आवाज नव्हता.

संध्याकाळी अहो घरी आले. लॅपटॉप उघडा दिसला तसे हात धुऊन लगबगीने येऊन बसले. नवं मशीन आपल्या आवाजात बोलणार, म्हणून दिवसभर खुशीत असावेत. बाई दारातच उभ्या राहिल्या आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. लपवाछपवी त्यांना जमायची नाही.

अहोंना ते पटकन कळलंच नाही. त्यांनी एकेक चित्र दाबून पाहिलं, बारावं झाल्यावर पुन्हा पहिलं. मग पाटी ओढली आणि लिहिलं: सगळी?

“सगळी.”

थट्टा पण?

“थट्टा पण,” बाई म्हणाल्या आणि त्यांना रडू कोसळलं. “असे बघत काय बसलात? रागवा ना हो! काहीतरी बोला मला!”

बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली. अहोंनी पाटी पुसली. काही लिहायला म्हणून पेन्सिल उचलली, पुन्हा खाली ठेवली आणि उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले. रागवायचं झालं तरी कशाने रागवणार होते?

पुढचे दोन दिवस लेकीने सगळं धुंडाळलं. समारंभांच्या चित्रफितींत अहो होते, पण मागे, आणि वर गाणी लावलेली. फोनवर ते लिहूनच निरोप पाठवत, तेही ‘ठीक’ एवढाच. तिसऱ्या दिवशी लेकीचा फोन आला. ती हसत होती की रडत होती, ते बाईंना काही केल्या कळेना. “एक सापडलंय. दोन वर्षांपूर्वीचं. लॅपटॉपवर पाठवते. लावून बघा.”

झालं होतं असं: लेकीने एकदा आवाजी निरोप पाठवला होता, बाबा कसे आहात म्हणून. अहोंना वाटलं, ती फोनवरच आहे. त्यांनी बटण दाबून उत्तर दिलं होतं. ते एवढंच होतं:

“हं. थांब, आईला देतो.”

चार सेकंद. उभ्या आयुष्यात अहो फोनवर लेकीशी याहून जास्त बोललेच नव्हते. बाईंनी ते पुन्हा लावलं, आणखी एकदा लावलं. अहो खुर्चीत बसून ऐकत होते. मधेच त्यांचे खांदे हलायला लागले. बाई घाबरून जवळ गेल्या, तर ते हसत होते. आवाज नाही, डोळ्यांतून मात्र पाणी वाहतंय. मग बाईही हसल्या, आणि हसता हसता त्यांनी नवऱ्याचा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही.

सकाळी अहो लॅपटॉप काखोटीला मारून निघाले आणि दारात थांबून बाईंना मानेने ‘चल’ म्हणाले. दुकानात त्यांनी आपल्या शेजारी एक स्टूल मांडलं. पहिल्या आल्या त्या साठीच्या एक आजीबाई, हातात बंद पडलेलं मनगटी घड्याळ आणि तोंडाचा पट्टा सुरू. महिन्यात दुसऱ्यांदा बंद पडलंय, असली कसली दुरुस्ती?

अहोंनी शांतपणे लॅपटॉपवर बोट ठेवलं.

“हं. थांब, आईला देतो.”

आजीबाई आ वासून बघत राहिल्या. अहोंनी बाईंकडे हात केला.

उत्तर बाईंच्या जिभेवर तयार होतं. एकतीस वर्षं असल्या तक्रारदारांना त्यांनी वाटेला लावलं होतं. तोंड उघडलंही होतं. पण त्या थांबल्या आणि अहोंकडे वळल्या.

“काय सांगू त्यांना?” त्यांनी विचारलं, आणि अहोंचं पाटीवर लिहून होईपर्यंत एक अक्षर बोलल्या नाहीत.