ती गुंगीत असताना

"आणि मी गुंगीत असतानाच तो आला तर?" बायकोनं विचारलं.

गादीवाल्याच्या तोंडात खिळे होते. खुर्च्या-बाकांना गाद्या ठोकणारे जुने कारागीर असंच काम करतात. बारीक खिळे ओठांत धरायचे आणि जिभेनं एकेक पुढे सारायचा. त्यामुळे बायकोच्या बहुतेक प्रश्नांना त्यानं आजवर नुसता हुंकार दिला होता, आणि तेवढ्यावर संसार बरा चालला होता. या प्रश्नाला मात्र हुंकार पुरण्यासारखा नव्हता. त्यानं खिळे तळहातावर काढले.

"कोण आला तर?"

"प्रभू. दुसरं कोण यायचंय आपल्याकडे?"

डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. हृदयाची झडप पार गेली आहे, ती बदलावी लागेल, आणि टाळाटाळ कराल तर मग आमच्या हातात काही राहणार नाही. बायको तेव्हा तयार झाली होती. पण मधल्या काळात चर्चच्या महिला सभेत कुणी पाहुणे उपदेशक आले आणि त्यांनी भिंतीवर एक लांबलचक तक्ता टांगला. एका बाजूनं लढाया, एका बाजूनं भूकंप, मध्ये सात डोक्यांचं श्वापद, आणि शेवटी एक लाल बाण. आपण त्या बाणाच्या टोकाशी उभे आहोत, प्रभू आता कधीही येईल, असं ते म्हणाले. त्या दिवसापासून बायकोनं ऑपरेशनचं नाव काढणं बंद केलं.

कारण त्यांची लेक. शाळेत जायच्या वयात तापानं गेली. शेवटच्या दिवशी थडगी उघडतील आणि लेक उठेल, हे बायको इतकी वर्षं धरून होती.

"ती उठेल, इकडेतिकडे बघेल," बायको म्हणाली, "आणि मी तिथं नळ्या लावून पडलेली. पोर कुणाकडे जाईल? मला जागं राहायचंय."

गादीवाल्याची श्रद्धा रविवारपुरती होती; उपासनेत त्याचं अर्धं लक्ष बाकाच्या गादीत कुठे गोळे झालेत तिकडे असे. त्याला फक्त बायको जगायला हवी होती.

चर्चच्या बाकांच्या गाद्या नव्यानं भरायचं काम त्याच्याकडेच होतं. दुसऱ्या दिवशी त्यानं सुई बाजूला ठेवून पाळकसाहेबांना गाठलं. पाळक त्याच्याहून वयानं लहान, पण खूप शिकलेले, आणि कुणी प्रश्न विचारला की त्यांची कळी खुलायची.

"बायबलातल्या त्या शेवटच्या पुस्तकाचं काय ते एकदा सांगून टाका," गादीवाला म्हणाला. "खरंच आता शेवट आलाय का?"

पाळक त्याच्या शेजारी उघड्या फळीवर बसले. "असं बघा, ते पुस्तक वाचायच्या चार रीती आहेत. काही म्हणतात, ते त्या काळच्या साम्राज्याबद्दल आहे. विश्वासणाऱ्यांचा छळ चालला होता, त्यांना धीर द्यायला लिहिलं. म्हणजे त्यातलं बहुतेक सगळं तेव्हाच होऊन गेलं."

"होऊन गेलं?"

"त्यांच्या मते. दुसरे म्हणतात, त्यात तेव्हापासून शेवटापर्यंतचा सगळा इतिहास ओळीनं आहे. मग प्रत्येक पिढी आपलं पान शोधत बसते, आणि प्रत्येकीला ते शेवटून दुसरंच सापडतं. तिसरे म्हणतात, बहुतेक गोष्टी अजून व्हायच्यात. तो तक्ता त्यांचा. आणि चौथे म्हणतात, हे कॅलेंडर नव्हेच. बऱ्यावाइटाचं भांडण सतत चालू असतं, त्याचं ते चित्र आहे."

गादीवाल्याचं डोकं भंजाळलं. "तुम्ही कुठले?"

"मी थोडा पहिला, थोडा चौथा," पाळक म्हणाले. मग चष्मा पुसत, जरा हळू आवाजात, "आणि झोप लागली नाही की तिसरा."

"मला एकच द्या. घरी न्यायचंय."

"अहो, हे कापड पसंत करण्यासारखं नाही. आता पहिल्यांचंच घ्या, त्यांच्यातही..."

पण गादीवाल्याला हवं ते मिळालं होतं. होऊन गेलं. एवढं ऐकल्यावर पुढचं ऐकायला कोण थांबतो? तो सुई बाकावर तशीच टाकून घरी निघाला.

बायको भाजी निवडत होती. त्यानं चप्पल काढता काढताच सांगून टाकलं. "ते सगळं होऊन गेलंय. कुठल्या तरी जुन्या बादशाहीचं होतं. पाळकसाहेब म्हणाले. आता काही यायचं राहिलं नाही, तू खुशाल ऑपरेशन कर."

बायकोचा हात थांबला. "सगळं झालं?"

"सगळं."

"मग थडगी? ती कधी उघडली?"

हे त्यानं विचारलंच नव्हतं.

"आपली पोर तर आपण नंतर पुरली," बायको म्हणाली. "मग ती राहिलीच की मागं."

ती परत भाजी निवडू लागली, आणि निवडता निवडता म्हणाली, "करू ऑपरेशन. आता कधीही करा. जागं राहून तरी काय करायचंय."

म्हणजे त्याचं काम झालं होतं. खरं तर त्याला हायसं वाटायला हवं होतं. पण जेवताना ती त्याच्याकडे न बघता घास गिळत होती, आणि लेकीला जाऊन इतकी वर्षं झाली तरी असं सुनं घर त्यानं पाहिलं नव्हतं. आपण बायकोला वाचवलं की आणखी काही बिघडवलं, हेच त्याला कळेना.

सकाळी तो पाळकांच्या दारात हजर. सगळं ऐकून पाळकांनी कपाळाला हात लावला. "मी तेच सांगणार होतो, पण तुम्ही चालू लागलात. सगळं झालं म्हणणारेसुद्धा बहुतेक जण मेलेल्यांचं उठणं पुढेच ठेवतात. ते व्हायचंय. चौघंही तिथं एक होतात, थोडेफार सोडले तर."

"थोडेफार कोण?"

"ते राहू द्या हो. मी येतो, वहिनींशी बोलतो."

"नको. मी बिघडवलंय, मीच बघतो."

घरी येऊन त्यानं सांगितलं, "ते एक राहिलंय. थडग्यांचं. ते अजून व्हायचंय."

बायकोनं त्याच्याकडे नीट बघितलं. "काल म्हणालात सगळं झालं. आज म्हणता राहिलंय. खरं कुठलं धरू?"

"मला नाही कळत," तो म्हणाला. "चार रीती आहेत. मला एकही धड कळलेली नाही. फक्त तू मरू नयेस असं वाटतं."

असलं काही तो आधी कधी बोलला नव्हता. बायकोचा पहिलाच प्रश्न परत आला. "आणि मी गुंगीत असताना तो आला तर?"

"मी बाहेर असेन. जागा. तिला मी घेईन."

"ओळखाल?"

"बापाला एवढं कळतं."

ती किंचित हसली. तिला ते पुरेसं पटलं नव्हतं, पण तिनं पिशवीत कपडे भरायला घेतले.

ऑपरेशनच्या दिवशी तिला आत नेलं आणि दार लागलं. बाहेर खुर्च्यांची रांग होती, पण गादीवाला बसला नाही. बसलो तर डोळा लागेल, असं त्याला भय होतं. तो जिन्याकडे तोंड करून उभा राहिला. माणसं येत होती, जात होती. कुणी लहान मुलीचा हात धरून आलं की तो एक पाऊल पुढे व्हायचा, मग मागे यायचा. एकदा, लेक जगली असती तर आज जेवढी असती तेवढी, एक उंच तरुणी एकटीच वर आली, तिच्याकडेही तो ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिला.

दुपार कलली तसं एका नर्सला राहवलं नाही. "काका, बसा की. अजून वेळ आहे. कुणी यायचंय का?"

"हो," तो म्हणाला. "मुलगी."

"मी लक्ष ठेवते, तुम्ही टेका जरा. केवढी आहे?"

गादीवाल्यानं दाखवायला हात कमरेपाशी धरला. मग खांद्यापर्यंत नेला. मग त्याला काहीच ठरवता येईना, आणि हात तसाच मध्येच राहिला.