आजीच्या बोटाचे आकडे

मी एक जुना ग्लुकोमीटर आहे, मित्रांनो. रक्ताच्या एका थेंबातली साखर मोजतो आणि आकडा लक्षात ठेवतो. कारखान्यात माझी कसून परीक्षा झाली, तेव्हा मी एकदाही चुकलो नव्हतो. पुढे एका शिंप्याच्या घरी आलो. शिलाई मशीनच्या खणात, बॉबिनांच्या शेजारी मला जागा मिळाली.

त्या शिंप्याला, म्हणजे घरातल्या आजोबांना, मधुमेह होता. त्यांची सून मला फार जपायची. कामावरून आली की लेकीला कडेवर घेऊन आधी माझी कळ दाबायची. ११०. ९८. १०४. "गुणी आहे हो हे यंत्र," म्हणायची. मला मेल्याहून मेल्यासारखे व्हायचे.

कारण सकाळी ती कामावर गेली की निराळेच चालायचे. आजोबा कुरकुरत, "जन्मभर सुया टोचून घेतल्या, आता हौसेने टोचून घेऊ?" मग आजी मुकाट्याने आपले बोट पुढे करायची. सुनेची बोलणी टळत, आजोबांना गोड चहा मिळे, घरात शांतता राही. आणि मी काय, समोर येईल तो थेंब मोजायचा.

एके दिवशी आजोबांचा गाल सुजला. नाक चोंदले, डोळ्यामागे ठणका लागला. सुनेने धसकाच घेतला. पण माझे आकडे पाहिले आणि तिचा जीव भांड्यात पडला. साखर ताब्यात आहे, म्हणजे सर्दीच असणार. वाफ दिली, नाकात थेंब घातले. चार दिवस असेच गेले. पाचव्या दिवशी नाक शिंकरताना रुमालावर काळी खपली पडली, आणि डाव्या डोळ्याची पापणी उघडेना.

नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिले. आत बुरशी होती. वाढलेल्या साखरेत ती फोफावते आणि हाडापर्यंत पोखरत जाते, असे त्या म्हणाल्या. आजोबांची साखर चारशे तीस निघाली.

सुनेने पिशवीतून मला काढून डॉक्टरांपुढे धरले. "असं कसं होईल? मी रोज बघते."

आजी भिंतीला टेकली. "यंत्राची चूक नाही गं. बोट माझं होतं."

सून आजीच्या बोटाकडे बघत राहिली. कडेवरची लेक रडायला लागली, तेही तिला कळले नाही.

आजोबांचा जीव वाचला. पण शस्त्रक्रियेत तोंडातली अर्धी टाळू, गालाचे हाड आणि डावा डोळा गेला. आता पाणी पिताना नाकातून येते. सुईत दोरा ओवायला गेले की नेम चुकतो. आजी ओवून देते, पण त्यांच्याकडे बघत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझा एखादा भाऊबंद असेल. त्याला पुसून ठेवा, बॅटरी बदला. पण सकाळी दोन मिनिटे जवळही बसा, आणि थेंब कुणाच्या बोटातून येतो ते डोळ्यांनी बघा. मधुमेह असलेल्या माणसाचा गाल सुजला, डोळा दुखू लागला, नाकातून काळे आले, तर आमच्या आकड्यावर विसंबू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

आम्ही चार दिवस थांबलो. ते चारही दिवस माझ्यावर आकडा चांगलाच होता.