शेळीचं पुढं काय झालं

"काय ग नाव तुझं?" वाचनालय सांभाळणाऱ्या चंद्रिकामामींनी टेबलावरून वाकून विचारलं.

"इरा," रेवा म्हणाली.

"तुम्हांला नाही विचारलं, अम्मा."

रेवा ओशाळली. इरा घरी अखंड बडबडायची. उंबऱ्याबाहेर मात्र तोंडाला कुलूप. पेरुंगुडीतल्या शाळेच्या मुलाखतीत ती बाईंसमोर मुकाट बसून राहिली. बाई म्हणाल्या, बोलायला लागली की आणा. तेव्हापासून कुणी काही विचारलं की रेवाची नजर आधी लेकीच्या ओठांवर, आणि ते हलायच्या आत उत्तर हिचंच. "तिला जरा वेळ तरी दे," तिचा नवरा उपेंद्र म्हणायचा. त्याला म्हणायला काय जातंय.

नुंगंबाक्कमचं हे वाचनालय म्हणजे एका घराचा माडीवरचा हॉल न् चार भिंतींना कपाटं. तंजावरहून नोकरीसाठी मद्रासेत आलेल्या मराठी घरांनी ते उभं केलेलं. हल्ली आयटीतली पुण्याकडची मंडळीही रविवारी यायची. जुन्यांपैकी पुष्कळांची मराठी नुसती बोलण्यातली. शाळा तमिळ, देवनागरी वाचता येत नाही. म्हणून इथली रीत अशी, की पुस्तक नेणाऱ्यानं पहिलं पान मोठ्यानं वाचायचं आणि परत करताना उरलेली गोष्ट तोंडी सांगायची.

रेवानं इरासाठी काढलेलं पुस्तक बसमध्ये चढलेल्या शेळीचं होतं. ती पहिलं पान वाचत असताना खिडकीशी बसलेले, जुन्यांपैकीच एक शेषाद्रीमामा कॉफी थांबवून ऐकत होते. कंडक्टर शेळीजवळ आला आणि पान संपलं.

"पुढल्या आदितवारी कोण सांगणार मला?" मामांनी इराकडे पाहिलं. इरा आईच्या ओढणीत शिरली.

आठवडाभर रेवानं तिच्याकडून गोष्ट घोटून घेतली. कंडक्टर शेळीला पुढच्या स्टॉपवर उतरवतो आणि ती चालत घरी जाते. इराला सगळं पाठ होतं. घरात.

रविवारी मामांनी विचारलं, "शेळीचं काय झालं ग?"

इरा पुस्तकाच्या कोपऱ्याशी चाळा करत राहिली. 'कंडक्टरनं तिला' एवढं रेवाच्या जिभेवर आलंही. चंद्रिकामामी तिच्याकडेच बघत होत्या.

"तुमचं पुस्तक बघा की तंवर," त्या म्हणाल्या. "तिकडच्या कपाटांत."

लेकीकडे पाठ करणं रेवाला जड गेलं, पण ती गेली. कपाटासमोर उभी राहून एकाच पुस्तकाचं नाव पुन्हापुन्हा वाचत राहिली. कान सगळे मागं.

"तिला खिडकी मिळाली," बारीक आवाज आला.

पुस्तकात असं काही नव्हतं. रेवानं कपाटाची कड घट्ट धरली.

"सरी, बरं," शेषाद्रीमामा म्हणाले. "मग तिकीट?"

"कंडक्टर म्हणाला, राहू दे. मग ती झोपली. मग समुद्र आला."

"समुद्रापर्यंत गेली?"

"हो. तुम्ही मधे बोलू नका ना."

मामा हसले. रेवानं मान वळवली नाही. हाताला लागलं ते पुस्तक काढलं आणि तिथंच उभ्या उभ्या उघडलं.