सात दालनं, सात घास

हा महाल दोन भावांनी बांधला. व्यापारात अमाप पैसा मिळवला, पण एकमेकांशी क्षणभरही पटेना. म्हणून दारातून आत शिरलं की दोन जिने लागतात, उजवीकडे थोरल्याचा, डावीकडे धाकट्याचा. वर मात्र दोन्ही एकाच सज्जात निघतात.

हे सगळं मला तोंडपाठ होतं. आज मोठ्या बाई, म्हणजे महालाच्या व्यवस्थापिका, पाहुण्यांच्या घोळक्यात उभ्या राहून माझी पहिली फेरी ऐकणार होत्या. जमलं तर गाइडची नोकरी, नाहीतर पुन्हा तिकिटाच्या खिडकीत.

"पोरीची काळजी करू नकोस," सासूबाई बागेत बाकावर बसत म्हणाल्या. "वाटी-चमचा आहे माझ्याकडे. जा तू."

पाठ करायला वेगळा वेळ कुठून आणणार? पोरगी जेवताना जीव खाते, तेव्हाच मी तिला महाल सांगायचे. एका दालनाला एक घास.

दिवाणखान्यातलं झुंबर ठीक पार पडलं. आरसेखान्याच्या दारात मी वळले आणि तोंडून निघून गेलं, "आता कोण बरं आ करणार?"

वीस माणसं माझ्याकडे बघत राहिली. कान तापले. सावरायला गेले ती आणखीच घसरले. "धाकटे शेठ थोरल्यांशी कट्टी घेऊन इथे येऊन बसले. आरशात बघतात तर काय! समोर शंभर रुसोबा!"

कोणीतरी फिसकन हसलं. काठी टेकत आलेल्या एका आजोबांनी विचारलं, "मग कट्टी सुटली का?"

"पुढच्या घासाला सांगते," मी म्हणाले, आणि जीभच चावली. मोठ्या बाई वहीत काहीतरी लिहीत होत्या. पण आजोबा पुढच्या दाराशी आधीच जाऊन उभे होते. आता माघार कसली!

शेवटच्या, सातव्या दालनात, म्हणजे जेवणघरात, मात्र धीर सुटला. "टेबल अक्रोडाच्या लाकडाचं, लांबी अठरा हात," मी पाटीसारखी बोलले. "धन्यवाद."

"झालं?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"हो बाई."

"सहाच झाले. मी मोजतेय. सातवा घास कुठाय?"

मग मी सांगितला. टेबलाच्या दोन टोकांना दोघे भाऊ, बोलणं बंद, आणि मिठाची वाटी एकच. रोज कोणीतरी एक जण अठरा हात चालत जाई. परत येताना खुर्ची थोडी जवळ ओढून घेई.

आजोबांनी टाळी वाजवली. मोठ्या बाईंनी वही मिटली. "लांबी पाटीवर लिहिलेली आहे, लोकांना वाचता येतं. उद्या दहाला ये. आणि घास चुकवायचा नाही."

मी धाकट्याच्या जिन्याने धावत खाली उतरले. बागेत सासूबाईंच्या पदरावर खिमटाचा सडा पडला होता. पोरगी तोंड घट्ट मिटून बसली होती.

"एक घास घेईल तर शपथ!" सासूबाई वैतागून म्हणाल्या. "मला कुठला येतोय तुझा महाल?"

मी बाकावर टेकले आणि चमचा उचलला. "दोन भाऊ होते..."

पोरीने आ केला.