चहा संपेपर्यंत

मित्रांनो, मी एक जुना थर्मास आहे. अंगावर लाल पत्रा, तोही ठिकठिकाणी रंग उडालेला. पोटात काचेची बाटली आणि तोंडाला बूच. डोक्यावर मात्र माझे झाकण नाही. त्याच्या जागी एक स्टीलची वाटी उपडी घातलेली आहे. फळीवरचे डबे मला 'वाटीवाले' म्हणतात. म्हणोत बापडे! आज मला कशाचाही राग येणार नाही. आज शुक्रवार आहे, आणि या घरच्या लेकीने, चिमीने, मला खाली काढून कोमट पाण्याने विसळले आहे. याचा अर्थ काय, हे कळायला आधी माझी हकिकत ऐकावी लागेल.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे काचेच्या दोन बाटल्या एकीत एक बसवल्या, मधली हवा काढून टाकली आणि चांदीसारखा मुलामा दिला. त्या मधल्या रिकाम्या जागेतच माझे सगळे कसब आहे. सकाळचा चहा मी दुपारपर्यंत वाफेसकट सांभाळतो. फुशारकी वाटेल, पण ज्याला दुसरे काहीच येत नाही त्याने एवढी तरी मारावी.

मला विकत घेतले ते चिमीच्या बाबांनी. ते मोठ्या शहरात लिफ्ट दुरुस्त करायचे. आठवडाभर उंच इमारतींच्या अंधाऱ्या पोकळीत, हाताला ग्रीस फासून. त्यामुळे शनिवार उजाडला की त्यांना आभाळ लागायचे. चिमीची आई पातेलेभर चहा माझ्या पोटात ओतायची, मला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घ्यायची, आणि 'म्हातारी' नावाची त्यांची जुनी गाडी खोकत खोकत शहराबाहेर पडायची.

या घराचा एक नियम होता. प्रत्येक गावात थांबून चहाची एक फेरी करायची. चहा आहे तोवर पुढे जायचे, चहा संपला की मागे फिरायचे. एकदा आई म्हणाली होती, "हातात घड्याळ आहे की तुमच्या."

"घड्याळ किती वाजले ते सांगतं," बाबा म्हणाले. "पुरे झालं हे कोण सांगणार?"

ते काम माझ्याकडे आले. काय काय पाहिले आम्ही! एका गावात घरांच्या छपरांवर मडकी वाळत असायची. दुसऱ्या गावात रस्ता बदकांच्या मालकीचा होता; त्यांची मिरवणूक संपेपर्यंत म्हातारीला मुकाट्याने उभे राहावे लागायचे. एका गावात गल्ली इतकी अरुंद, की या खिडकीतून त्या खिडकीत मीठ देता यायचे. दर वळणाला पुढे काय असेल या उत्सुकतेने माझ्या पोटातला चहा डुचमळायचा.

पहिली फेरी मात्र ठरलेल्या जागी. शहर संपले की एक मोठे तळे लागायचे. त्याच्या पांढऱ्या पायऱ्यांवर बसून पहिला कप प्यायचा आणि मग दिसेल त्या गावाला जायचे.

पुढे आमच्याबरोबर मावशी येऊ लागली. मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. ती आली आणि आमच्या भटकंतीला एका शोधाची जोड मिळाली. दोघी बहिणी लहानपणी एका तळ्याकाठच्या गावात राहायच्या. त्यांचे वडील तिथे तळ्याचे पाणी शेतांना सोडायचे काम करायचे. दोघी अगदी लहान असताना ते गाव सुटले. नाव कुणालाच आठवत नव्हते, सांगणारे वडीलही आता नव्हते. आठवत होता फक्त घराचा दगडी उंबरा. त्यावर दोघी दगडाने बदाम फोडायच्या. फोडून फोडून उंबऱ्याला दोन खळगे पडले होते.

"मोठा खळगा माझा," मावशी म्हणायची.

"मोठं ते सगळं तुझंच असतं," आई म्हणायची. "तो माझा होता."

शहराभोवती तळी काय थोडी होती? दर शनिवारी एखादे तळे, त्याच्या काठची दोन-तीन गावे, आणि मग मी रिकामा. उंबरा काही सापडेना. अशात मावशीचे जायचे ठरले. तिचा मुलगा दूर देशात होता, तो तिला कायमची बोलावत होता. सोमवारी ती निघणार होती. म्हणजे हा शेवटचा शनिवार.

त्या दिवशी आईने मला काठोकाठ भरले. दिवसभर फिरलो, खूप उंबरे पाहिले. फिरत फिरत पुन्हा त्या मोठ्या तळ्याजवळच्या फाट्यावर आलो, तेव्हा बाबांनी मला उपडे केले. उरलासुरला चहा माझ्या झाकणात पडला आणि तो मावशीच्या हाती गेला.

"संपला," बाबा म्हणाले. "ताई, प्या, मग निघू."

मावशीने झाकण ओठांना लावलेच नाही. "संपला कसा? माझ्या हातात आहे की."

"अहो, गार होईल."

"होऊ दे. नियम तुमचाच ना? मी पिईपर्यंत पुढे जायचं."

बाबांचा चेहरा लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसासारखा झाला. फाट्यावरून डावीकडे गुळगुळीत रस्ता जायचा. उजवीकडे नुसते दगडधोंडे, म्हणून बाबांनी म्हातारीला कधी तिकडे वळवले नव्हते.

"डावीकडची सगळी गावं झाली आहेत," आई हळूच म्हणाली.

बाबांनी म्हातारीच्या बॉनेटवर थाप मारली. "चल बाई, आज तेवढी लाज राख." आणि गाडी उजवीकडे वळली.

असा प्रवास मी पुन्हा केला नाही. मावशीच्या एका हातात झाकण, दुसरा तळहात त्यावर दाबलेला. चिमी खिडकीतून डोके काढून आधीच सांगायची, "मावशी, खड्डा आला." गाडी आदळेल याची कुणाला फिकीर नव्हती, जो तो चहा सांभाळत होता. बाबा इतक्या हळू चालवत होते, की एक शेळी आम्हाला मागे टाकून गेली. थोडा चहा मावशीच्या कपड्यांवर सांडला. "अजून आहे," ती म्हणाली, "अर्ध्याच्या वर आहे."

रस्ता पाण्यापाशी संपला. तिथे एक लहानसे गाव होते. मावशी उतरली, पण तिला काहीच ओळखू येईना. बरीचशी घरे नवी होती. मग तिने सहज पाण्यापलीकडे पाहिले आणि ती थबकली.

"आपल्या खिडकीतून काय दिसायचं गं?" तिने आईला विचारले.

"पाणी. आणि पलीकडे पांढऱ्या पायऱ्या."

"मग त्या बघ."

मित्रांनो, त्या आमच्याच पायऱ्या होत्या. दर शनिवारी जिथे बसून आम्ही पहिला कप प्यायचो, त्याच. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हा!

काठाला एकच जुने घर होते. ओसरीवर एक शिवणकाम करणाऱ्या बाई मशीन चालवत होत्या. "कुणाकडे आलात?" त्यांनी विचारले. मावशी सरळ पुढे गेली. ती उंबऱ्यापाशी खाली बसली. दगडात दोन खळगे होते. मोठ्या खळग्यात तिने माझे झाकण ठेवले. ते न डगमगता बसले.

"बघ, माझा," मावशी म्हणाली.

"माझा," आई म्हणाली, आणि दोघी रडू लागल्या.

मग मावशीने अर्धा चहा प्यायला, अर्धा आईला दिला. माझ्या पोटातून निघालेला इतका गार चहा कुणी कधी प्यायला नव्हता. पण त्या दोघींनी तो घोट घोट, पुरवून पुरवून प्यायला. शेवटी मावशीने झाकण बाबांसमोर उपडे धरले. "आता संपला. चला घरी."

पण बाबांनी तेवढ्यात मला त्या बाईंच्या स्वयंपाकघरात पोहोचवले होते. काठोकाठ भरलेला मी त्यांनी उंबऱ्यावर आणून ठेवला. "कसा संपला? नियम म्हणजे नियम. बसा निवांत."

सोमवारी सामान बांधताना मावशीने झाकण पिशवीत टाकले. "हे मी नेते. परत आणून द्यायला मला यावंच लागेल."

मग काळ बदलला. रस्त्याला कागदी पेल्यांची दुकाने झाली. म्हातारी गेली. मी फळीवर चढलो, माझ्यावर कोळ्याने जाळे विणले. एकदा मी भंगाराच्या पोत्यातही गेलो होतो. आईने मला बाहेर काढले. "त्याचं झाकण बाहेरगावी गेलंय, येईल," असे ती म्हणाली आणि तिने ही वाटी माझ्या डोक्यावर ठेवली.

आणि आता, ही हकिकत तुम्हाला सांगता सांगताच, दाराची घंटा वाजली आहे. काठी टेकत मावशी आत आली. चपला काढायच्या आधी तिने पिशवीत हात घातला. चिमीने वाटी उचलली, झाकण माझ्यावर ठेवले आणि फिरवले. आटे जरा कुरकुरले, मग घट्ट बसले.

मित्रांनो, घरातल्या अर्धवट वस्तू निरुपयोगी म्हणून टाकू नका. त्यांचे उरलेले अर्धे कुणीतरी कुठेतरी जपत असेल. आम्हाला विसळून, पुसून, कोरडे करून ठेवा. बाहेर बाबा नव्या गाडीच्या काचा पुसत आहेत, आणि मावशी आईला बजावते आहे की उद्या मोठे पातेले चढव, तो खळगा माझाच आहे हे मला पुन्हा दाखवायचे आहे.